तारीख न घातलेली पाकिटं

माझी सासू देवाचे आभार आधी मानते आणि काम झालं की नाही ते नंतर बघते. हे मला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर कळलं. कळलं तेही भर चर्चमध्ये, शे-दीडशे माणसांसमोर, माझ्याच हातून झालेल्या घोळामुळे. त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

आधी आमच्या चर्चची पद्धत सांगते, नाहीतर घोळ कळायचा नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी काही चांगलं झालं की रविवारी पाकिटात दान घालतात आणि पाकिटावर कारण लिहितात. नातू झाला, पोरगी पास झाली, ऑपरेशन नीट पार पडलं, गावाहून सुखरूप आलो. याला म्हणायचं उपकारस्तुती. दानाची पिशवी फिरून आली की पंचांपैकी एक जण पुढे उभा राहून ती कारणं मोठ्याने वाचतो आणि मंडळी आमेन म्हणते. कोणाकडे नवा फ्रिज आला, कोणाचा जावई दुबईला लागला, सगळ्या भांडुप-मुलुंडची खबर मला त्या पाकिटांवरून मिळते. खरं सांगू, उपदेशापेक्षा मी तेच जास्त कान देऊन ऐकायची.

आम्ही मराठी ख्रिस्ती. असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, म्हणजे गोव्याचे का? नाही हो. सासूबाई नगरकडच्या, माझे वडील जालन्याकडचे. मी जन्मले दहिसरला, नदीकाठच्या चाळीत, आणि लग्न होऊन आले भांडुपला. घरात भाकरी-ठेचा, नाताळात करंज्या-चकल्या, आणि देवाशी बोलायचं ते मराठीत. मी पाळण्यातली ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणे मी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, झग्यावर ओकले होते. त्यानंतर चाळीस वर्षं चर्चला जायचं म्हणून गेले आणि प्रार्थना करायची म्हणून केली. रोज आंघोळ करतो तसं. आंघोळ करताना कोणी पाण्यावर विश्वास ठेवतं का?

घरात आम्ही तीन माणसं. सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाई पालिकेच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या, आता निवृत्त. आम्हाला मूल नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मग एक दिवस आम्ही दोघांनी तो विषय मिटवून टाकला. सासूबाईंनी त्यावरून मला एका शब्दाने कधी टोचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घातलेल्या बाईने हे गिळून टाकणं सोपं नसणार, पण तेव्हा मला एवढा विचार कुठे सुचायला. नाही बोलत ना, सुटले, इतकंच.

नवरा शाळेत पीटीचा मास्तर. आणि आवाज म्हणजे काय आवाज होता. मैदानावर त्याने सावधान म्हटलं की बाहेर रस्त्यावर भाजीवाला ताठ उभा राहायचा, असं पोरं म्हणायची. मैदानाच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहतो, त्यामुळे मला तो कामावर आहे की स्टाफरूममध्ये चहा पितोय हे स्वयंपाकघरातून कळायचं. तोच आवाज रविवारी चर्चमध्ये असा मऊ व्हायचा की मलाच नवल वाटायचं. गीत तो उचलायचा, मंडळी मागून म्हणायची. खरं तर मी लग्नाला हो म्हटलं ते त्या आवाजावर. बाकी स्थळ काही फार झकास नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्पोर्ट्स डेच्या तयारीत त्याचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेजारच्या मालवणी काकूंचा काढा झाला. महिना झाला तरी आवाज फाटकाच. शेवटी मी हाताला धरून मुलुंडच्या डॉक्टरांकडे नेलं. घशात गाठ निघाली. तपासली तर साधी होती, कॅन्सर नव्हता. पण ती अशा जागी रुतून बसली होती की काढताना आवाजाच्या पडद्याचा तुकडाही गेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मी विचारलं, मग आवाज येईल ना परत? ते म्हणाले, किती येईल ते सहा आठवड्यांनीच कळेल.

जीव वाचला त्याचं बघा, असं मला प्रत्येक जण सांगत होतं. मला कळत नव्हतं का ते? पण ज्या माणसाचा सगळा जीवच आवाजात आहे, त्याचा आवाज गेला तर उरलं काय, हे मी कोणाला सांगू? नोकरी आवाजावर, चर्चमधली जागा आवाजावर. भांडायचा तोही आवाजावर. आता घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. हा आतल्या खोलीतून मला व्हॉट्सअ‍ॅप करायचा, भाजीत मीठ कमी आहे. नाहीतर टाळ्या वाजवायचा. एक टाळी म्हणजे चहा, दोन टाळ्या म्हणजे इकडे ये. मी म्हटलं, मी काय तुझी पाचवी ब आहे? तर तीन टाळ्या वाजवून हसला. हसण्यालाही आवाज नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सकाळी मैदानावर दुसरे मास्तर कवायत घ्यायचे, माइक लावून. हा खिडकीत उभा राहून बघायचा. तिकडून हुकूम सुटला की ह्याची छाती फुगायची आणि तशीच खाली बसायची. ते बघून माझा देवावरचा राग असा उसळायचा की काय सांगू. अरे, ज्याने तोंड उघडलं ते तुझ्यासाठी, त्याचंच तोंड बंद करायला तुला सुचलं? गल्लीत दिवसभर शिव्या देणारे आहेत ना, त्यांचे घसे कसे ठणठणीत?

शेजारच्या मालवणी काकू येऊन मला हसवायला बघायच्या. म्हणायच्या, "माझो घोव दिवसभर बडबडता, ता कोण आयकना नाय. तुझो गप बसलो, तर तू रडतस." मी हसायची. त्या गेल्या की परत तेच.

आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थना असते. पाऊस असो, मॅच असो, पाहुणे असोत. सासूबाई एक स्तोत्र वाचतात, मग आळीपाळीने प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. आधी त्या, मग नवरा, मग मी. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं, आता ह्याची पाळी वगळतील. पण नाही. स्वतःची प्रार्थना संपवून त्या गप्प झाल्या, आणि गप्पच राहिल्या. ह्याला एरवी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ त्या थांबल्या. हा डोळे मिटून मनातल्या मनात बोलत होता. झाल्यावर त्याने आईच्या गुडघ्याला हात लावला, आणि मगच त्या माझ्याकडे वळल्या.

मी तोंड उघडलं नाही. मला जे म्हणायचं होतं ते प्रार्थनेत म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्या माझ्यासाठीही थांबल्या. मिनिटभर गेलं, दोन गेली, मग त्यांनी हलकेच आमेन म्हटलं आणि उठून भाकऱ्या थापायला गेल्या. का गं गप्प, असं एकदाही विचारलं नाही. असं रोज चाललं. तीन माणसांची प्रार्थना, त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला बोलायचं नव्हतं. आणि तिसरी रोज तितक्याच धीराने दोघांसाठी थांबायची.

वर आभार. रोज आभार. आज त्याने पेज नीट गिळली, आभार. आज ताप नाही, आभार. शेजारणीने भरलेली वांगी दिली, आभार. मी डोळे मिटून दात आवळून बसायची. एकदा न राहवून मी भांडी घासता घासता विचारलंच, आई, तुम्हाला खरंच आभार मानावेसे वाटतात की सवय म्हणून मानता? त्या म्हणाल्या, काही दिवस सवय म्हणून मानते, ती सवयच मग मला धरून ठेवते. आणि मला म्हणाल्या, त्या पातेल्याला खाली काळं लागलंय, नीट घास. मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही, पण पातेलं मात्र मी परत घासलं.

मग आला तो रविवार. ऑपरेशनला दोन आठवडे झाले होते. सासूबाई रविवारी तासभर आधी चर्चला जातात, खुर्च्या पुसतात, पाणी भरून ठेवतात. त्या दिवशी घाईत बायबल घरी विसरल्या. फोन करून मला म्हणाल्या, येताना घेऊन ये, दानाचं पाकीटही त्यातच आहे. आम्ही दोघं बसने गेलो. आधीच उशीर झालेला. दानाची पिशवी माझ्यापर्यंत आली तेव्हा सासूबाई मागे पाण्याजवळ होत्या. मी त्यांचं बायबल उघडलं, कडेला डोकावणारं पाकीट ओढलं आणि पिशवीत टाकलं. पाठपोट बघितलंही नाही. बघायचंय काय त्यात, दर रविवारचं दान.

पंच पुढे उभे राहून वाचायला लागले. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या लग्नाची पंचवीस वर्षं. आणि मग त्यांनी चष्मा वर केला, त्यांचा चेहराच फुलला. पुढचं त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं: माझ्या मुलाला त्याचा आवाज परत दिल्याबद्दल, आईकडून उपकारस्तुती.

चर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडे उपासनेत टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. मागच्या रांगेतल्या मावश्या रडायलाच लागल्या. पाळकसाहेब स्वतः खाली उतरून आले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तर, पुढे या, साक्ष द्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. हा उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळेना. वाट लागली, एवढंच कळलं. त्याने घशाकडे बोट केलं, मान हलवली. लोकांना वाटलं भरून आलंय. लोकांनी त्याला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं.

तो तिथे उभा. सगळे कान देऊन बसलेले. आणि माझ्या मांडीवर ते बायबल, त्यात दुसरं पाकीट दिसतंय, दर रविवारचं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी भलतंच पाकीट टाकलंय. पण असलं पाकीट लिहून ठेवलंच का होतं, हे मला उलगडेना. लाजेने माझे कान तापले. वाटलं, आता उठावं आणि ह्याला घेऊन सरळ घरी जावं.

तेवढ्यात सासूबाई मागून पुढे आल्या. हात ओले, पदर खोचलेला. पुढे येऊन मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाल्या, "आवाज अजून आलेला नाही. पाकीट आज द्यायचं नव्हतं, ते चुकून गेलं. पण मी लिहिलंय ते चुकून लिहिलेलं नाही. ते राहू द्या."

कोणी हसलं नाही. कोणी आमेनही म्हटलं नाही, म्हणावं की नाही हेच कोणाला कळत नव्हतं. सासूबाई मात्र बोलून झालं तशा खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पदराने हात पुसायला लागल्या.

मग नवऱ्याने काय केलं असेल? खाली उतरायच्या ऐवजी तो तिथेच उभा राहिला आणि हाताने ताल धरला. तो ताल सगळ्यांच्या ओळखीचा, त्याचं दर रविवारचं गीत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी सुरुवात केली, पण इतक्या वरच्या पट्टीत की तिसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे ताणले. ह्याने तळवा खाली दाबून खुणावलं, खाली घ्या, खाली घ्या. मंडळी गडबडली, थांबली, परत सुरू झाली, परत बेसूर. तो कपाळाला हात लावून आवाज न करता हसत होता, आणि हाताने शिकवत होता. इतकं वाईट गाणं आमच्या चर्चमध्ये कधी झालं नसेल. मी खाली मान घालून रडत होते, आणि राग कोणावर काढू ते मला समजत नव्हतं.

राग काढायला एकच जागा होती. घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधीच सासूबाईंवर सुटले. म्हटलं, आई, ही काय पद्धत? न झालेल्या गोष्टीचे आभार लिहून ठेवता? सगळ्यांसमोर त्याचा तमाशा झाला. आणि उद्या आवाज आलाच नाही तर? तेव्हा काय करणार, पाकीट परत मागणार?

त्यांनी मला बोलू दिलं. मग बायबल घेतलं, मागच्या पुठ्ठ्याला एक कापडी खिसा शिवलेला होता, त्यातून सहा-सात पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. अठरा वर्षं ते पुस्तक मी पुसत आले होते, तो खिसा मला दिसला नव्हता. प्रत्येक पाकिटावर कारण होतं, तारखेची जागा मोकळी. त्यांची रीत अशी, की देवाकडे काही मागायचं ठरलं की त्याच दिवशी आभाराचं पाकीट लिहायचं आणि ठेवून द्यायचं. काम झालं की तारीख घालून चर्चला द्यायचं. एकावर लिहिलं होतं, धाकट्या भावाची दारू सोडवल्याबद्दल. हा मामा मी पाहिलेला. तो दारूनेच गेला, दहा वर्षं झाली. त्याखालच्या पाकिटावरची शाई निळ्याची फिकट झाली होती. त्यावर लिहिलं होतं, माझ्या सुनेला लेकरू दिल्याबद्दल.

मी ते हातात घेऊन नुसती उभी राहिले. त्यांनी ते माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं, परत खिशात ठेवलं, आणि म्हणाल्या, "बाळंतिणींच्या वॉर्डात मी तीस वर्षं काढली. एकाच सकाळी एकीच्या हातात पोर दिलं आणि दुसरीचं फडक्यात झाकून नेलं. घडतंय त्यावरून देव चांगला की वाईट ते ठरवत बसले असते, तर मला रोज निराळा देव धरावा लागला असता. म्हणून एकदाच ठरवलं की तो चांगला आहे. मग मागते. कधी देतो, कधी नाही देत. नाही दिलं तर मोरीत जाऊन रडते. पण पाकीट फाडत नाही."

मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. अठरा वर्षं मी ह्या बाईसोबत एका घरात राहिले, एका ताटलीतला पापड मोडून खाल्ला, आणि माझ्यासाठी ती काय मागत होती ते मला माहीत नव्हतं. मिळालं नाही तेही तिने माझ्यासमोर कधी येऊ दिलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला. लोक श्रद्धा म्हणजे भोळेपणा समजतात. मीही समजायची. ही बाई भोळी नव्हती, हिने सगळं बघितलेलं होतं.

तरी त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी गप्पच राहिले. एका दिवसात माणूस बदलतो असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला हसेन. फक्त दात आवळले नाहीत. पुढचे चार आठवडे मी त्यांचे आभार नीट ऐकायला लागले. त्यांच्या तोंडची ती यादी ऐकताना मला पहिल्यांदा दिसलं की पेज खरंच गिळली गेली होती, वांगी खरंच चांगली होती. मला जे नाही ते मी इतकं बघत बसले होते की समोरचं ताट मला दिसत नव्हतं.

सहा आठवडे झाले. मुलुंडला डॉक्टरांकडे आम्ही दोघंच गेलो. सासूबाई म्हणाल्या, मी घरीच बसते, शिरा करून ठेवते. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, म्हणाले, जखम भरलीय, आता बोला, नाव सांगा. ह्याने नाव सांगितलं. लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढली की जसा येतो तसा आवाज. डॉक्टर समाधानी होते. म्हणाले, बोलण्यापुरता आवाज राहील, थोडाफार सुधारेलही. मी विचारलं, आणि गाणं? त्यांनी ह्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून मान हलवली.

रिक्षाने घराशी आलो तेव्हा दार उघडंच होतं आणि तुपाचा वास येत होता. सासूबाई आत होत्या. ह्याने दारात चपला काढता काढता हाक मारली, आई, आलो.

आतून त्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

आपल्या मुलाचा आवाज त्यांनी ओळखला नाही. हातात कालथा घेऊन त्या बाहेर आल्या, आमच्या दोघांच्या मागे जिन्यात बघितलं, तिथे कोणी नव्हतं. मग ह्याच्याकडे बघितलं. हा परत म्हणाला, आई, मीच. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्या आत गेल्या, गॅस बंद केला आणि मोरीचं दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शिरा कढईत तसाच राहिला.

सात वाजले. आम्ही तिघं बसलो. सासूबाईंनी बायबल मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. सुरुवात त्यांनीच करायची असते. डोळे लाल, हात पुस्तकावर. शेजारच्या घरात मालिका लागली होती, ती ऐकू येत होती. मी वाट बघत राहिले. हाही. अठरा वर्षांत त्या बाईची पाळी आली आणि ती बोलली नाही, असं कधी झालं नव्हतं. मला भीती वाटली. हिची सवय तुटली तर आमच्या दोघांचं काय, असं मनात आलं. मी त्यांना घाई केली नाही. माझ्यासाठी त्या दोन-दोन मिनिटं थांबल्या होत्या, मी त्याच्या दुप्पट थांबले. शेवटी त्यांनी डोळे न उघडताच मला म्हटलं, "आज तू कर गं."

तयारी काहीच नव्हती. जे तोंडात आलं ते बोलले. "देवा, मला तुझ्याशी भांडायचंय आणि मी भांडणार आहे. ह्याचं गाणं का नेलंस ते मला कळत नाही. लेकरू का दिलं नाहीस तेही कळत नाही. पण ह्या बाईने तुला चांगला म्हणत अख्खा जन्म काढलाय, आणि ती काही वेडी नाही. आज तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून तिच्या जागी मी म्हणते. तू चांगला आहेस."

नवऱ्याने त्या फाटक्या आवाजात आमेन म्हटलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. मी समजत होते की मी त्यांच्या जागी बोलतेय. पण ते शेवटचं वाक्य माझ्याच कानांवर पडलं, आणि मला कळलं की मला ते खरं वाटतंय.